'इन्युएंडो' : सूचितार्थ आणि त्याचा आधार

'इन्युएंडो' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आज 'आडून केलेली, बहुधा निंदाव्यंजक किंवा चावट सूचना' असा घेतला जातो. त्याचा पूर्वेतिहास मात्र निराळा आहे. लॅटिनमधील 'इन्नुएरे' म्हणजे मान हलवून खूण करणे. 'इन्युएंडो' हे त्याच्या कृदन्ताचे करणवाचक रूप, म्हणजे 'खुणावून'. लॅटिन न्यायदस्तऐवजांत हा शब्द 'म्हणजेच' या अर्थाने येई. बदनामीच्या फिर्यादीत 'तो चोर आहे' अशासारखे वाक्य उद्धृत करताना 'तो' या सर्वनामापुढे 'इन्युएंडो, वादी' असे नोंदवून त्याचा रोख स्पष्ट केला जाई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो आडवळणाच्या सूचनेचाच वाचक बनला. झाकलेला अर्थ उघड करणाऱ्या शब्दाने झाकण्याच्या क्रियेचे नाव धारण केले.

हे अर्थांतर समीक्षेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. इन्युएंडोने मूळ शब्दांचा अर्थ उलगडावा, वाढवू नये, असा दंडक इंग्रजी कायद्याने घातला. 1931च्या टॉली विरुद्ध फ्राय या खटल्यात हौशी गोल्फपटू सिरिल टॉली यांचे व्यंगचित्र त्यांच्या संमतीविना चॉकलेटच्या जाहिरातीत छापले गेले होते. वाच्यार्थात निंदा नव्हती. पण हौशी खेळाडूंचे संकेत जाणणारा वाचक 'यांनी मोबदला घेतला' असा अर्थ काढील, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने ग्राह्य धरले. येथे सूचितार्थाचा निकष वक्त्याचा हेतू नसून संदर्भ जाणणाऱ्या वाचकाचे आकलन हा आहे.

आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'त (नववे शतक) वाच्य विधिरूप आणि व्यंग्य निषेधरूप असल्याचे उदाहरण येते. निर्धास्त हिंडण्याची अनुज्ञा देताना सिंहाचा उल्लेख करणारी स्त्री धार्मिकाला वस्तुतः परतवून लावते. तेथेही वक्ता, श्रोता आणि प्रसंग जाणल्याविना व्यंग्याची प्रतीती होत नाही. फरक असा, की सहृदयाला ती प्रतीतीच पुरेशी असते. न्यायालयाला तिचे वाच्यात रूपांतर करून पुरावा मागावा लागतो.

समीक्षक या दोहोंच्या मधे उभा असतो. व्यंग्य शब्दांत मांडताना त्याचा चमत्कार उणावतो, हे मान्य करूनही त्याला ते मांडावेच लागते. अशा वेळी उलगडणे आणि वाढवणे यांतील भेद त्याने सोडला, तर लेखकाच्या नावावर कोणताही अर्थ चढवता येईल. आणि लेखकाच्या खुलाशालाच अंतिम मानले, तर कोणतीही निंदा निर्दोष ठरेल. म्हणून सूचितार्थ सांगणाऱ्याने संहितेतील नेमकी खूण दाखविली पाहिजे.