नायकाचा पगार किती?

कॉमिक असो की सिनेमा, हल्ली मी एकच प्रश्न घेऊन बसतो: यातला नायक पोटापाण्यासाठी करतो काय, आणि महिनाअखेरीला त्याचं भागतं कसं? महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार म्हणून काढलेल्या वर्षांनी लावलेली ही खोड आहे.

लहानपणी पोलादपूरला इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक या हातातून त्या हातात फिरायचे. १९६४ला सुरू झालेली ही मालिका १९९०ला बंद पडली, तरी आमच्याकडे वेताळ पुढे बरीच वर्षं जिवंत होता. त्याला पगार नाही की रजा नाही. कवटीच्या गुहेत खजिना आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला! त्या घरात खरी नोकरी करते ती डायना, संयुक्त राष्ट्रसंघात. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतो. चौघांना खोली हवी आणि मालकीणबाईंना भाडेकरू म्हणून जोडपी हवीत, यातूनच सगळी धमाल उभी राहते. सत्तर रुपयांचा प्रसंग तर सर्वांना तोंडपाठ. मूळ हिंदी ‘बीवी और मकान’ १९६६चा; २२ वर्षांनी मराठीत आला तरी जागेची अडचण शिळी झाली नव्हती. टीव्हीवर तो पाहताना माझे वडील मात्र वेगळ्याच जागी हसले. म्हणाले, “चौघांना एवढी खोली? चैन आहे की!” ते गिरणीत होते. मुंबईत गावकीच्या खोलीत माणसं पाळीप्रमाणे झोपायची. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी वडील गावी आले, ते कायमचेच.

सिनेमाबद्दल माझी तक्रार इथेच सुरू होते. तो जागेची अडचण नेमकी पकडतो, नोकरीची मात्र विसरतो. धनंजय मानेचं दुकान ही प्रेमप्रकरणाची सोय होऊन बसते. मॅडम खूश असल्या की हजेरीचं कोण विचारतो?

त्यापेक्षा ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मला जवळचा वाटतो. पीटर पार्कर पिझ्झा पोचवायला निघतो, वाटेत दोन मुलांचा जीव वाचवतो, उशीर होतो आणि नोकरी जाते. घरी यावं तर घरमालक भाड्यासाठी आडवा. उशिराचं खरं कारण तो सांगू शकत नाही. कॉमिकमधून आलेल्या नायकाला कामगाराचं हे दुखणं बरोबर ठाऊक आहे.

फरक एवढाच, की माझं कारण लपलेलं नव्हतं. २२ जुलै २०२१ला महाडमध्ये पाणी भरलं. माझ्या भाड्याच्या खोलीतला इंद्रजालचा गठ्ठा चिखलाचा गोळा झाला. सहा दिवस आम्ही गाळ उपसत होतो. कामावर गेलो तर ठेकेदाराने सहा खाडे मांडून ठेवलेले. पुराची बातमी सगळ्या राज्याने पाहिली होती, पण हजेरीच्या वहीत पुरासाठी रकाना नसतो. घरमालकाने मात्र भाडं पूर्ण महिन्याचं घेतलं.

म्हणून ‘बनवाबनवी’ लागला की अजून हसतो, पण सत्तर रुपयांपाशी हसू जरा अडखळतं. ज्याच्या गोष्टीत भाड्याबरोबर खाडेही मोजले जातात, असा एखादा विनोदी मराठी सिनेमा कुणीतरी काढावा. लिहिणाऱ्याला लागलीच तर माझी त्या महिन्याची पगाराची चिठ्ठी देईन. जपून ठेवली आहे. सगळ्यात वरच्या फळीवर, पाणी पोचणार नाही अशा बेताने.