लहरींचे स्वामित्व : कोझ यांच्या निबंधाचे पुनर्वाचन

रॉनल्ड कोझ यांचा अमेरिकेच्या ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’वरील निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. बिनतारी लहरींच्या नियमनाविषयी आज जो वाद चालू आहे, त्याचे मूळ बहुतांशी या निबंधात सापडते. परंतु त्याच्या अनुयायांनी त्यातील एकच अर्धे उचलले, आणि तेही कमी महत्त्वाचे, असे म्हणणे भाग आहे.

निबंधातील प्रकट सिद्धान्त सरळ आहे. लहरी दुर्मिळ आहेत, म्हणून त्यांचे वाटप शासनानेच केले पाहिजे, हा तत्कालीन युक्तिवाद कोझ यांना मान्य नव्हता. जमीन आणि श्रम हीही दुर्मिळच. तरी त्यांची वाटणी किमतीच्या द्वारे होते. हक्क निश्चित करून दिले, की ज्याला ते अधिक मोलाचे वाटतील त्याच्याकडे ते व्यवहाराने जातील. १९९४ पासून अमेरिकेत लहरींचे जे लिलाव सुरू झाले, त्यांना या विचाराचा आधार मिळाला.

दुसरा सिद्धान्त मात्र अधिक मूलगामी असून तो शब्दार्थाशी निगडित आहे. वारंवारता ही वस्तूच नव्हे. दिला-घेतला जातो तो एखादे उपकरण विशिष्ट रीतीने वापरण्याचा हक्क, असे कोझ दाखवून देतात. हे मान्य केले की ‘लहरींची मालकी’ हा शब्दप्रयोग निव्वळ लाक्षणिक ठरतो.

निबंधाची मर्यादा अन्यत्र आहे. त्यात डोळ्यांपुढे आहेत ती मोजकी, मोठी प्रक्षेपणकेंद्रे, म्हणजे परस्परांशी करार करू शकणारे पक्ष. १९८५ साली त्याच कमिशनने काही पट्टे अल्पशक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुले केले. त्यांतील २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या यंत्रांसाठी राखलेला, दळणवळणाच्या दृष्टीने जवळजवळ टाकाऊ. पुढे वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचा विस्तार तेथेच झाला. एकाच इमारतीतील शंभर उपकरणांच्या धन्यांनी कोणी कोणाशी करार करावा? करार घडवण्याचा खर्च मूळ हक्काच्या मोलाहून अधिक होईल. हा मुद्दा कोझ यांनीच १९६० च्या सामाजिक खर्चावरील निबंधात मांडला. तेव्हा खुले पट्टे हे त्यांच्या विचाराचे खंडन नसून त्याचाच दुर्लक्षित उपसिद्धान्त होय. अर्थात हे स्वातंत्र्यही नियमरहित नाही. येथे नियम माणसाला नसून उपकरणाच्या शक्तीला असतो, आणि गर्दी झाल्यास संरक्षण मागण्याचा अधिकार कोणासही नसतो.

भारतातील चर्चा या भेदाकडे क्वचितच लक्ष देते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द करून त्याने लिलावाचा आग्रह धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र, नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा लिलाव हाच एकमेव मार्ग नव्हे, असे मत दिले. २०२३ चा दूरसंचार अधिनियम केंद्र शासनास जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचा ‘मालक’ म्हणतो, आणि तोच अधिनियम ठरावीक वापरांना वाटपाच्या अटीतून सूट देण्याचीही सोय करतो. एका वाक्यात वस्तू, दुसऱ्यात वापर. मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘ध्वनिलहरी’ हा शब्द तर या गोंधळात भरच घालतो, कारण बिनतारी लहर म्हणजे ध्वनी नव्हेच.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यापैकी ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्‌झ हा सबंध भाग अमेरिकेने २०२० साली विनापरवाना वापरास खुला केला. भारताने मे २०२५ मध्ये त्यातील खालच्या ५०० मेगाहर्ट्‌झपुरताच नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. वरच्या भागाविषयी, लिलावातून किती द्रव्य मिळेल, एवढाच प्रश्न विचारला जाणे हे ‘मालक’ या शब्दाचे स्वाभाविक फलित आहे. कोणत्या वापरात कोणाचा अडथळा होतो आणि तो टाळण्यास किती खर्च येतो, हा कोझ यांचा खरा प्रश्न. तो विचारल्यावर उत्तर कदाचित लिलावाच्याच बाजूने येईल; परंतु ते परीक्षणाअंती आलेले असेल, रूपकाच्या ओढीने नव्हे.