फुटलेल्या मूर्ती आणि ओवी
अलाबास्टर या मऊ, दुधी दगडात मध्ययुगीन इंग्रज कारागिरांनी ख्रिस्ती संतांच्या मूर्ती कोरल्या; १५५० च्या कायद्याने चर्चमधील अशा मूर्ती नष्ट करण्याची आज्ञा झाली. त्याच सुमारास इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. मायदेशी दगडातून पुसली गेलेली भक्ती त्यांनी ओवीत कोरली, असे म्हणावेसे वाटते. या काव्यावर उपदेशाचा भार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि चक्रावरून संत कॅथरीनची मूर्ती ओळखावी, तसे ओवीच्या चालीवरून त्याचे मराठीपण तत्काळ ओळखू येते. बेळगाव-निपाणीकडील आमच्या वर्गात घरी निराळी भाषा बोलणारा विद्यार्थी मराठी वाचू लागतो, तेव्हा मला या ग्रंथाचे स्मरण होते.