'धरणी' आणि अ‍ॅजाईल पद्धतीची मर्यादा

संगणकप्रणाली विकसित करण्याच्या 'अ‍ॅजाईल' पद्धतीचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेत सतरा तज्ज्ञांनी मांडला. काम बरेच पुढे गेल्यावरही बदलत्या गरजांचे स्वागत करावे, हे त्यातील एक तत्त्व होय. परंतु बदलणारी गरज वेगळी आणि परस्परविरोधी गरज वेगळी. तेलंगणातील 'धरणी' या जमीन-अभिलेख प्रणालीवरून हा फरक नेमका ध्यानात येतो.

२९ ऑक्टोबर २०२० रोजी 'धरणी' सुरू झाली. शेतजमिनीच्या विक्रीची नोंदणी आणि फेरफार तहसील कार्यालयात एकाच वेळी होऊ लागले, ही सोय मोठीच. पुढे तक्रारी आल्या तशी नवी मॉड्यूल्स जोडली गेली. नावातील चूक, सुटलेला सर्व्हे नंबर असे बदल टप्प्याटप्प्याने सामावून घेता येतात.

खरा पेच 'सादा बैनाम्या'चा. अरबी 'बै' म्हणजे विक्री. त्याला फारसी 'नामा' जोडून झालेला हा शब्द. साध्या कागदावर, नोंदणीविना झालेला हा व्यवहार. खरेदीदार जमीन कसतो, पट्टा मात्र मूळ मालकाच्या नावे राहतो. जुन्या पहाणीत कसणाऱ्याचा रकाना होता (सातबाऱ्यातील नमुना बारा आठवावा). 'धरणी'ने तो ठेवला नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरसारख्या अनुसूचित क्षेत्रात हा पेच अधिक घट्ट होतो. १९५९ च्या जमीन हस्तांतरण विनियमातील १९७० च्या दुरुस्तीनुसार तेथे बिगरआदिवासीस केलेले हस्तांतरण रद्दबातल ठरते. बैनामा दाखवणाऱ्या खरेदीदारास आपला कब्जा नोंदवून हवा, तर गोंड पट्टादारास ती नोंद मुळीच नको. दोघेही एकाच प्रणालीचे वापरकर्ते! अ‍ॅजाईलमधील 'प्रॉडक्ट ओनर' कामांचा अग्रक्रम लावतो. हक्क कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

२०२० मध्ये तो अधिकार इतरत्रही उरला नाही. बैनामे नियमित करण्याचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वीकारले जात असतानाच १९७१ चा कायदा रद्द झाला, आणि नव्या कायद्यात तशी तरतूदच नव्हती. महसुली न्यायालयेही संपुष्टात आली. अशा स्थितीत आणखी एक मॉड्यूल जोडून काय साधणार होते? सारा दोष संगणकतज्ज्ञांवर ढकलणारी टीका म्हणूनच उथळ वाटते.

१४ एप्रिल २०२५ रोजी 'भू भारती' सुरू झाली. तिच्या कायद्यात अपिलाची सोय आणि जुन्या बैनाम्यांसाठी तरतूद आहे. म्हणजे निर्णय आधी विधिमंडळात झाला, मग पडद्यावर आला. १९७० ची दुरुस्ती मात्र कायम आहे, आणि उटनूरच्या त्या खरेदीदाराची मागणी नव्या प्रणालीतही मान्य होण्याजोगी नाही.