नकाशातली खाडी, भरतीतली खाडी

ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. 2022 साली तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. निर्णय स्वागतार्हच होता. पण हद्द आखताना एक साधी गोष्ट निसटली. खाडी दिवसातून दोनदा रूप बदलते.

ओहोटीच्या वेळी चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, तेथील उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून नीलहरित शैवाल व सूक्ष्म जीव गाळून खातात. आखूड पायांचे तुतवार चिखलातले कृमी टिपतात. सुमारे सहा तासांनी भरती चढते आणि हे ताट पाण्याखाली जाते. मग हजारो पक्षी जातात कोठे? नेरूळच्या डीपीएस तळ्यासारख्या उथळ जागी. हे तळे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली, तर ते विसाव्याच्या उपयोगाचे राहत नाही. आणि विसावा नसेल तर मिळवलेली ऊर्जा उडण्यातच खर्ची पडते.

या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली ती 2025 साली, दहा वर्षांनी. ताट राखले आणि अंथरूण उघड्यावर ठेवले, तर ते संरक्षण अर्धेच.

शिक्षकांनी वर्गात अभयारण्याच्या नकाशाशेजारी भरती-ओहोटीचे वेळापत्रक लावावे आणि विचारावे: पूर्ण भरतीच्या वेळी या नकाशावर पक्षी कोठे दाखवाल?