‘धर्मात्मा’ : दोन जेवणे आणि काशीचा निवाडा

कडेगावच्या शेजारी, पलूस तालुक्यात कृष्णाकाठी नागठाणे आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचे हे मूळ गाव. आमच्या भागात त्यांची आठवण निघते ती भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांच्या रूपाने. शालू, नथ आणि नाट्यपदांच्या ओघात. पडद्यावर मात्र ते प्रथम दिसले पुरुषाच्या भूमिकेत, आणि तो पुरुष अस्पृश्याच्या घरी जेवतो, हे क्वचितच कोणी सांगते.

प्रभातचा ‘धर्मात्मा’ १९३५ चा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, लेखन के. नारायण काळे यांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) या दोन गाजलेल्या चित्रपटांच्या मध्ये तो झाकला गेला.

कथा सोळाव्या शतकातील एकनाथांची असली, तरी चित्रपट बोलतो आपल्या काळाबद्दल. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. गांधीजींकडे होणारा निर्देश सेन्सॉरला चालला नाही, म्हणून ते बदलावे लागले. जेमतेम वर्षभर आधी, जून १९३४ मध्ये, अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावरील गांधीजींच्या ताफ्यावर पुण्यात बॉम्ब फेकला गेला होता. प्रभातचा स्टुडिओही तेव्हा पुण्यातच होता.

चित्रपटाच्या केंद्रस्थानी दोन जेवणे आहेत. पहिल्यात ब्राह्मणांआधी अस्पृश्यांना एकनाथांच्या घरी अन्न मिळते. दुसऱ्यात एकनाथ स्वतः अस्पृश्याच्या घरी जेवतात. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. वाढणारा हात वरच राहतो. दानाने उतरंड हलत नाही. पाहुणा मात्र यजमानाचा ऋणी होतो. म्हणूनच या दुसऱ्या जेवणापायी एकनाथांवर बहिष्कार येतो. पैठणसारख्या गावात जात पोथीत नव्हे, ताटात राहते, हे चित्रपटाने नेमके ओळखले आहे.

त्याची मर्यादाही येथेच सुरू होते. अखेरचा निवाडा काशीच्या प्रज्ञानंद शास्त्रींपुढे होतो. एकनाथांचे निर्दोषत्व ठरवायचे ते पुन्हा शास्त्रानेच. ज्या घरात ते जेवले, त्या घराची साक्ष कोणी घेत नाही. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. काळाराम मंदिराच्या दाराशी सुरू झालेल्या सत्याग्रहाचा अनुभव त्यामागे होता. ‘धर्मात्मा’ ज्या दारात निवाडा मागतो, त्या दाराकडे त्यांनी पाठ फिरवली.

म्हणून हा चित्रपट कालबाह्य ठरतो काय? मला तसे वाटत नाही. कडेगावात मोहरमला उंच ताबूत उचलायला हिंदू-मुसलमान एकत्र येतात, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण मिरवणुकीत खांद्याला खांदा लावणे सोपे; कोणाच्या चुलीवरचे आपण खातो, हा प्रश्न अवघड. आजही गावजेवणाला ‘सगळे येतात’ असे आपण सांगतो. आपण कोणाकडे जेवायला जातो, हे सांगत नाही. ‘धर्मात्मा’ पुन्हा पाहायचा तो या दुसऱ्या प्रश्नासाठी.