कृतज्ञतेचा पुरावा : केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगाचे परीक्षण

मुलाच्या हातून गुन्हा घडल्यावर त्याचा बंदोबस्त करण्यापेक्षा, तो घडण्यापूर्वीच त्याला आधार द्यावा, हा विचार समाजकार्याच्या क्षेत्रात इतका रूढ झाला आहे की, त्याला प्रमाण मागणे हेच काहींना औद्धत्याचे वाटते. असे प्रमाण ज्या गृहस्थाने आपण होऊन मागितले, आणि तेही स्वतःच उभारलेल्या कार्याकडे, ते रिचर्ड क्लार्क कॅबट हे बोस्टनचे नामांकित वैद्य होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १९०५ साली रुग्णांसाठी समाजसेवेची व्यवस्था त्यांनीच सुरू केली होती. एखादे औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवावयाचे, तर ते न घेतलेल्या सारख्याच रुग्णाची प्रकृतीही पाहिली पाहिजे, ही वैद्यकातील दृष्टी त्यांनी बालगुन्हेगारीच्या प्रश्नाला लावली. तिचे फलित म्हणजे बोस्टनलगतच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन कामगारवस्तीच्या नगरांत १९३९ ते १९४५ या काळात झालेला प्रयोग होय. काम सुरू झाले त्याच वर्षी कॅबट निवर्तले. निष्कर्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

प्रयोगाची रचना आजही अनुकरणीय वाटावी अशी आहे. शिक्षक, पोलीस व इतर स्थानिक मंडळी यांच्याकडून ‘अवघड’ मुलांची नावे मागविण्यात आली. परंतु योजनेत येणे म्हणजेच डाग लागणे असे होऊ नये, म्हणून सर्वसाधारण वर्तनाची मुलेही तीत घेतली गेली. वय, कुटुंबाची स्थिती, स्वभाव इत्यादी बाबतींत शक्य तितक्या सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, आणि जोडीतील कोणास साहाय्य मिळावे हे नाणेफेकीने ठरविले. पुढील दीर्घ अभ्यासात अशा २५३ जोड्या, म्हणजे ५०६ मुले, विचारात घेतली आहेत. साहाय्यगटातील मुलाच्या घरी कार्यकर्ता सरासरीने महिन्यातून दोनदा जाई, आणि हे सरासरी पाच वर्षे चालले. निम्म्याहून अधिक मुलांना शालेय विषयांत शिकवणी मिळाली, शंभरांवर मुलांना वैद्यकीय वा मानसोपचाराची मदत झाली, सुमारे चतुर्थांश मुले उन्हाळी शिबिरांना गेली. आत्मीयता, वेळ, पैसा यांपैकी कशाचीही कसर नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. महायुद्धामुळे कार्यकर्ते बदलत राहिले.

एडविन पॉवर्स आणि हेलेन विटमर यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. गुन्ह्यांच्या नोंदींत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही, हा त्यातील निष्कर्ष निरुत्साही असला तरी धक्कादायक नव्हता. कार्यकर्त्यांची खात्री होती की, बहुसंख्य मुलांचे भले झाले आहे. परिणाम दिसावयास काळ जावा लागेल, असे समाधान त्यावर करून घेता येत होते.

काळ गेला. जोन मॅक्कॉर्ड यांनी त्या मुलांचा, म्हणजे आता मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, पुन्हा शोध घेतला आणि १९७८ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. साहाय्य मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरे पाठविली, त्यांतील सुमारे दोनतृतीयांश जणांनी त्या कार्याचा आपणास उपयोग झाला असे सांगितले. कित्येकांना आपल्या कार्यकर्त्याची आठवण प्रेमाने होत होती. अभ्यास येथेच थांबला असता, तर तो यशस्वी योजनांच्या यादीत जाऊन बसला असता. परंतु तुलनागट उपलब्ध होता. गुन्हा केलेल्यांच्या संख्येत दोन्ही गट जवळजवळ सारखे ठरले. मात्र एकदा गुन्हा केलेल्यांपैकी पुन्हा गुन्हा करणारे साहाय्यगटात शेकडा ७८, तर तुलनागटात शेकडा ६७ निघाले. मद्यासक्तीची चिन्हे, रक्तदाब व हृद्रोगासारखे ताणाशी निगडित आजार, कमी प्रतिष्ठेचे व्यवसाय यांतही साहाय्यगटाचेच पारडे वाईट दिसले, आणि मृत्यू पावलेल्यांत त्या गटातील माणसे लवकर वारली होती.

या निष्कर्षांचे वाचन दोन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार ‘मदत म्हणजे अपाय’ असे म्हणून मोकळा होतो. मॅक्कॉर्ड यांनी पुष्कळ बाबींची तुलना केली होती. इतक्या तुलनांत काही फरक केवळ योगायोगाने उमटतात, हे संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यास केलेल्यासही ठाऊक असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ही पिढी बव्हंशी काळाआड गेल्यावर, दोन्ही गटांच्या मृत्युमानात लक्षणीय अंतर आढळले नाही. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आणि व्यवसायाला अधिक सोयीचा आहे : मदत पुरेशी झालीच नाही, म्हणून गुण आला नाही. या बचावाला मॅक्कॉर्ड यांच्याच उत्तरकालीन विश्लेषणाने छेद दिला आहे. जेथे संपर्क अधिक काळ आणि अधिक दाट होता, जेथे कुटुंबाने मनापासून सहकार्य केले, तेथेच अपाय अधिक दिसतो. ज्या घरांनी कार्यकर्त्याला दारातूनच परत लावले, त्या घरांतील मुलांना योजना बाधली नाही. हे सत्य कार्यकर्त्याच्या जिव्हारी लागणारे आहे, आणि तरी त्यास बगल देणारी पाठ्यपुस्तके कमी नाहीत.

अपाय का व्हावा, याची जी कारणे मॅक्कॉर्ड यांनी मांडली, ती मात्र सारख्याच तोलाची नाहीत. आधाराची सवय लागून तो सुटताच वैफल्य यावे, कार्यकर्त्याच्या मध्यमवर्गीय मूल्यांचा घरच्या मूल्यांशी खटका उडावा, सतत मदत मिळाल्याने आपण मदतीस पात्र म्हणजे उणे आहोत असे मुलास वाटावे, ही सर्व अनुमाने आहेत. त्यांपैकी एकाचीही कसोटी प्रयोगात नव्हती. नोंदींच्या आधारे थोडीफार तपासली गेली ती केवळ शिबिरांची गोष्ट. एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरास पाठविलेली मुले त्यांच्या जोडीदारांपेक्षा पुष्कळच वाईट निघाली. एकदाच गेलेल्यांत किंवा न गेलेल्यांत तसे आढळले नाही. वाह्यात मुले एकत्र आली की एकमेकांना उत्तेजन देतात, असा अर्थ यावरून १९९९ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात काढण्यात आला आणि तो सर्वत्र पसरला. तो खरा असणे शक्य आहे. परंतु कोणास शिबिराला पुन्हा पाठवावयाचे हे नाण्याने ठरलेले नव्हते, कार्यकर्त्याने ठरविले होते. आणि ज्या मुलाचे घर बिघडत चालले असेल, त्यालाच तो उन्हाळ्यात घराबाहेर काढणार. जोडी जुळली होती ती प्रारंभी; पुढे जीवनाने जी वाट दिली ती जोडीदाराला दिली असेलच असे नाही. नाणेफेकीचे सामर्थ्य संपूर्ण गटांच्या तुलनेपुरते आहे, गटाच्या आत केलेल्या विभागणीला ते उसने मिळत नाही. सहकारी कुटुंबांविषयीच्या वर उल्लेखिलेल्या निष्कर्षालाही हीच मर्यादा लागू पडते, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

आपल्याकडील २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने अमली पदार्थांच्या व्यवहारात ओढले जाण्याचा संभव असलेल्या असुरक्षित बालकास ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या व्याख्येत घेतले आहे. म्हणजे गुन्ह्यापूर्वीचा हस्तक्षेप येथे कायद्याच्या कक्षेत आला. अशा बालकासाठी व्यक्तिगत काळजी योजना लिहिली जाते. त्या योजनेच्या फलिताविषयी बालकाला वा पालकाला विचारले, तर उत्तर कोणते येईल हे केंब्रिजच्या त्या दोनतृतीयांश पुरुषांनी सांगून ठेवले आहे. आईच्या तोंडी ‘साहेब, तुमच्यामुळे पोरगं मार्गी लागलं’ हे वाक्य येते तेव्हा ते खोटे नसते. पण त्याच गल्लीतील, त्याच वयाच्या, कोणीही न भेटलेल्या मुलाचे काय झाले याची माहिती त्यात नसते.

ती माहिती मिळविण्याची किंमत कॅबट यांच्या प्रयोगात २५३ मुलांनी दिली. गरज असूनही नाणे उलटे पडल्यामुळे ज्यांच्या दारी कोणी गेले नाही, अशी ती मुले. प्रारंभी हा अन्याय वाटणे स्वाभाविक होते, आणि प्रयोगाच्या नैतिकतेवरील आक्षेप आजवर बहुधा त्यांच्याच नावे घेतले गेले. चाळीस वर्षांनी हिशेब मांडल्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार बहुधा दुसऱ्याच २५३ जणांकडे गेलेला दिसतो.